चिंता देवावर टाकायची म्हणजे नेमकं काय करायचं?

बुधवारच्या प्रार्थनासभेनंतर दारात चपला घालताना एक ताई म्हणाल्या, "मावशी, रोज रात्री तासभर प्रार्थना करते, तरी डोळ्याला डोळा लागत नाही. माझा विश्वासच कमी पडतोय बहुतेक." मी विचारलं, काय प्रार्थना करता? त्या म्हणाल्या, "हेच की, प्रभू, पोराचं कसं होईल, त्याची नोकरी गेली तर काय करू, घराचा हप्ता कुठून भरू, त्याचं लग्न कधी जमेल..." आणि सांगता सांगता पुन्हा डोळे पुसायला लागल्या.

तासभराच्या त्या प्रार्थनेत मागणी एकही नव्हती. होती ती चिंता, आणि तिच्यापुढे 'प्रभू' लावलेला. अंथरुणात पडून तासभर चिंतेची उजळणी केली तर झोप उडणारच, त्यात विश्वासाचा काय दोष? बायबलमधल्या पेत्राच्या पहिल्या पत्रातलं वचन त्यांना पाठ होतं: आपली सर्व चिंता त्याच्यावर टाका (५:७). पण टाकायची कशी, आधी काय आणि नंतर काय, हे कुणी दाखवलं नव्हतं. मलाही बरीच वर्षं कुणी दाखवलं नव्हतं. म्हणून हा क्रम लिहून काढते आहे.

सुरू करण्याआधी: ही चिंता आहे की आजार?

हे आधी बघा, कारण इथे चुकलं की पुढचं सगळं वाया जातं. दोन आठवड्यांहून जास्त दिवस झोप किंवा भूक नाही, छातीत सारखी धडधड, कामाला हात लागत नाही, जगूच नये असं वाटतं, असं काही असेल तर डॉक्टरांकडे जा. प्रार्थना चालू ठेवा आणि जा. सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्यासाठीची मोफत हेल्पलाइन १४४१६ या नंबरवर चोवीस तास चालते, मराठीतही बोलता येतं. जीव द्यायचा विचार मनात येत असेल तर रविवारची वाट बघू नका. आत्ता घरातल्या एका माणसाला जवळ बसवा आणि हा नंबर लावा.

सावधान: "विश्वास असेल तर गोळ्या बंद कर" असं कुणी सांगितलं तर ऐकू नका, सांगणारा व्यासपीठावर उभा असला तरी. प्रेषित पौलाने आपला तरुण सहकारी तीमथ्य याला पोटाच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं (१ तीमथ्य ५:२३). नुसती प्रार्थना कर म्हणून त्याची बोळवण केली नाही.

दुसरी गोष्ट, चिंता आली म्हणून लगेच स्वतःला पापी ठरवू नका. "कशाविषयीही चिंताक्रांत होऊ नका" हे लिहिणारा तोच पौल सर्व मंडळ्यांची चिंता आपल्याला रोज सतावते, असंही लिहितो (२ करिंथ ११:२८). चिंता दारात येणारच. तिला पाट मांडून बसवायचं की नाही, एवढंच आपल्या हातात.

तयारी

लागतं फार थोडं. एक शंभर पानी वही, पेन, छापील बायबल आणि वीस मिनिटं.

छापील बायबल अशासाठी, की मोबाईलवर वचन उघडलं की वरून बँकेचा मेसेज टपकतो आणि आपण तिकडे जातो. मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा.

वेळ रात्रीची नको. दमलेल्या मेंदूला प्रत्येक गोष्ट दुप्पट मोठी दिसते. मी संध्याकाळी साडेसहाला बसते, कुकर लावायच्या आधी. सकाळ जमत असेल तर फारच बरं.

उपाशीपोटी किंवा रात्रभर जागून बसू नका. एलीया संदेष्टा झुडपाखाली बसून "परमेश्वरा, आता पुरे, माझा प्राण घे" म्हणाला, तेव्हा देवदूताने उपदेश केला नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याची चंबू पुढे ठेवली. एलीयाने खाल्लं, झोपला, पुन्हा उठून खाल्लं (१ राजे १९). "तू इथे काय करतोस?" हा प्रश्न त्याला पुढे चाळीस दिवसांनी विचारला गेला. आपल्याकडे उलटं होतं. माणूस कोलमडला की आपण आधी वचन सुनावतो आणि जेवलास का ते विचारायचं राहून जातं.

वाचायला एकच उतारा घ्या, आणि पूर्ण घ्या. फ्रिजवर चिकटवलेली एक ओळ पुरत नाही. पैशाची काळजी असेल तर मत्तय ६:२४-३४. सगळे २५व्या वचनापासून वाचतात, पण ते 'ह्यास्तव'ने सुरू होतं, म्हणजे आधीचं वाक्य लागतंच: देवाची आणि धनाची चाकरी एकाच वेळी करता येत नाही. बाकी कशासाठीही फिलिप्पै ४:४-९. तिथे "चिंताक्रांत होऊ नका" याच्या लगेच आधी "प्रभू समीप आहे" आहे. आधी तो जवळ आहे म्हणून सांगितलं, मग चिंता करू नका म्हटलं.

१. चिंतेला नाव, तारीख आणि आकडा द्या

वहीत एका वाक्यात लिहा. यजमानांची कंपनी बंद पडली त्या महिन्यात मी पहिल्यांदा वही उघडली आणि लिहिलं: 'पैशाचं फार टेन्शन आहे.' त्याने काहीच हललं नाही. मग खोडून लिहिलं: '५ तारखेला १४,२०० रुपयांचा हप्ता आहे. खात्यात ६,१०० आहेत. ८,१०० कमी पडतात.' परिस्थिती तीच होती. पण आधी ती घरभर पसरलेल्या धुरासारखी होती, आता तिला कडा आल्या. धूर उचलून कुणाच्या हातात देता येत नाही.

पाच चिंता असतील तर पाच ओळी, पण आजच्या बैठकीला त्यातली एकच घ्या. जी रात्री सगळ्यात आधी आठवते ती.

तपासा: तुमचं वाक्य वाचून अनोळखी माणसाला कळेल का, काय अडलंय आणि कधीपर्यंत? नसेल कळत तर पुन्हा लिहा.

२. पानावर दोन उभ्या रेघा मारा

तीन रकाने होतील. पहिला 'माझ्या हातात', दुसरा 'दुसऱ्याच्या हातात', तिसरा 'अजून घडलेलंच नाही'. त्या एका चिंतेतल्या सगळ्या गोष्टी या तिघांत वाटून टाका.

माझ्या पानावर पहिल्या रकान्यात होतं: बँकेत जाऊन बोलणं, भिशीचे पैसे लवकर मिळतात का विचारणं. दुसऱ्यात: कंपनीकडून थकलेला पगार. आणि तिसरा रकाना खालपर्यंत भरला. घर जाईल, मुलीचं शिक्षण थांबेल, लोक काय म्हणतील, सासूबाईंना कसं सांगू. शेवटची ओळ तर समासात घुसली होती.

बहुतेकांची वही अशीच दिसते. इस्राएल लोकांना रानात मान्ना, म्हणजे देवाने दिलेलं अन्न, रोजचा रोज मिळायचा. उद्यासाठी म्हणून कुणी ठेवला तर त्यात किडे पडायचे (निर्गम १६). तिसऱ्या रकान्यासाठी कृपा आज मिळत नाही, कारण तो दिवसच अजून उगवलेला नाही. "ज्या दिवसाचे दुःख त्या दिवसाला पुरे" हे मी याच रकान्याखाली लिहिते आणि त्याच्यावर आडवी रेघ मारते. खोडत नाही, नुसती रेघ.

३. आधी गाऱ्हाणं मांडा

ही पायरी सगळ्यात जास्त गाळली जाते. आपल्या सभांमध्ये दुःखी माणसाला लगेच "हालेलुया म्हणा" म्हणायची घाई असते. मन रडत असताना तोंडाने स्तुती केली की आपण देवासमोरही चेहरा लावून बसतो.

१३वं स्तोत्र उघडा. सहाच वचनं आहेत. पहिल्या दोनांत दावीद चार वेळा विचारतो, "कोठवर?" पुढच्या दोनांत मागणं आहे. विश्वास आणि गाणं येतं शेवटच्या दोनांत. हाच साचा घ्या. "प्रभू, मला भीती वाटते. मला तुझा रागही आलाय. तू गप्प का आहेस?" हे मोठ्याने म्हणा. घरात माणसं असतील तर लिहा. पाच मिनिटं पुरेत.

सावधान: पाच मिनिटं म्हणजे पाचच. इथेच रेंगाळलात तर त्या ताईंची तासभराची प्रार्थना पुन्हा सुरू होते.

४. एकच, स्पष्ट मागणी करा

अश्शूरच्या राजाचं धमकीचं पत्र आलं तेव्हा यरुशलेमच्या हिज्कीया राजाने ते वाचलं, मंदिरात नेलं आणि परमेश्वरापुढे पसरलं (२ राजे १९:१४). मला हे फार आवडतं. त्याने पत्रातल्या मजकुराचा सारांशही केला नाही, कागदच पुढे ठेवला.

तसंच करा. बँकेची नोटीस, लॅबचा रिपोर्ट, शाळेचं पत्र, जे असेल ते टेबलावर पसरा, त्यावर हात ठेवा आणि एका वाक्यात मागा. 'प्रभू, आमचं सगळं नीट कर' ही मागणी नव्हे. 'प्रभू, ५ तारखेच्या आत ८,१०० रुपयांची वाट दाखव, नाहीतर मुदत मिळू दे' ही मागणी.

काही जण विचारतात, देवाला इतकं बारीक सांगायचं? त्याला माहीत असतंच की. असतंच. स्पष्ट मागायला आपल्यालाच भीती वाटते, नाही मिळालं तर काय, म्हणून आपण मोघम बोलतो. गेथशेमाने बागेत येशूने "हा प्याला टळून जावो" असं, म्हणजे पुढ्यात आलेलं दुःख टळावं म्हणून, थेट मागितलं आणि मगच "माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो" म्हटलं. दोन्ही वाक्यं हवीत, आणि याच क्रमाने. नुसतं दुसरं वाक्य म्हणणारे पुष्कळदा मागायचंच टाळत असतात.

सावधान: सौदा करू नका. "हे झालं तर चाळीस दिवस उपास करीन, मंडळीला इतके हजार देईन." नवस बोलायची सवय आपल्या हाडात आहे, बाप्तिस्मा झाला तरी जात नाही. वसईकडच्या कॅथलिक मैत्रिणीही हेच सांगतात, की नोव्हेनाचे, म्हणजे सलग नऊ दिवसांच्या प्रार्थनेचे, दिवस माणसं नऊ हप्ते भरल्यासारखे मोजतात. उपास करायचा असेल तर जरूर करा, किंमत म्हणून नको.

५. घडून गेलेल्या गोष्टींचे आभार माना

फिलिप्पैच्या पत्रात 'आभारप्रदर्शनासह' असा शब्द आहे, म्हणजे मागणीच्या सोबतच. आजाराबद्दल किंवा कर्जाबद्दल आभार मानायला कुणी सांगितलेलं नाही. तसे ओढूनताणून मानू नका.

मागे घडलेल्या तीन गोष्टी लिहा, शक्यतो तारीख-महिन्यासह. 'कुटुंबाबद्दल, आरोग्याबद्दल' असं ठोकळेबाज नको. 'मार्चमध्ये गॅस संपला तेव्हा शेजारच्या काकूंनी सिलिंडर दिला' असं.

६. आता टाका

पेत्राच्या पत्रात 'टाका' यासाठी जो ग्रीक शब्द आहे, तो नव्या करारात आणखी एकाच ठिकाणी येतो: लूक १९:३५, जिथे शिष्य आपली वस्त्रं शिंगरावर टाकतात. अंगावरचा कपडा काढला, जनावराच्या पाठीवर टाकला, आता तो जनावर वाहील. कोपरा हातात धरून शेजारी पळत गेलं तर त्याला टाकणं म्हणत नाहीत.

आधीचं वचनही वाचा (५:६): देवाच्या पराक्रमी हाताखाली लीन व्हा. सगळ्याचा ताबा आपल्याकडे हवा, या हट्टातून बरीचशी चिंता येते, निदान माझी तरी. म्हणून मी मोठ्याने म्हणते, "हे चालवणं माझं काम नाही. तुझं आहे." मग खाली तारीख घालते, वही मिटते आणि बायबलखाली ठेवते. वही मिटल्याचा आवाज यायला हवा, असा माझा आग्रह आहे. सभेतल्या मुली हसतात त्याला. हसू देत.

तपासा: मन लगेच हलकं झालं नाही? हरकत नाही. टाकणं ही कृती आहे, हलकं वाटणं मागून येतं, कधी दोन दिवसांनी. विश्वास अर्धवट वाटत असेल तर मार्क ९:२४ मधल्या बापासारखं म्हणा, माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाक. त्याच्या मुलाला येशूने बरं केलं, त्याचा विश्वास पूर्ण होईपर्यंत थांबला नाही.

७. पहिल्या रकान्यातलं एक काम २४ तासांत करा

यरुशलेमची भिंत बांधताना शत्रू चालून येणार असं कळलं, तेव्हा त्या कामाचा पुढारी नहेम्या लिहितो, आम्ही देवाची प्रार्थना केली आणि रात्रंदिवस पहारा ठेवला (४:९). एकाच वाक्यात दोन्ही. हिज्कीयानेही शहराबाहेरचे झरे बुजवले आणि पाणी आत वळवलं. त्याच्या काळातला मानला जाणारा खडकातला बोगदा यरुशलेममध्ये आजही आहे, अर्ध्या किलोमीटरहून थोडा लांब, आणि त्यातून लोक गुडघाभर पाण्यात चालत जातात. ज्याने पत्र देवापुढे पसरलं, त्याच्याच राज्यात माणसं छिन्नी-हातोडा घेऊन खडक फोडत होती.

मी दुसऱ्या दिवशी साडेदहाला बँकेत गेले. हप्ता चुकायच्या आधी जाणं महत्त्वाचं, चुकल्यावर बोलणं अवघड होतं. काउंटरवरच्या माणसाने लेखी अर्ज द्यायला सांगितला. त्या अर्जाने हप्ता माफ झाला नाही, पण दोन महिन्यांची सवड मिळाली. ८,१०० रुपये आकाशातून पडले नाहीत.

पहिला रकाना रिकामा असेल, म्हणजे बायोप्सीचा रिपोर्ट यायला आठ दिवस आहेत आणि करण्यासारखं काहीच नाही, तर ही पायरी बदला. कुणासाठी तरी काहीतरी करा. मी त्या आठ दिवसांत शेजारच्या आजींना रोज डबा पोचवला. भाजी निवडताना हात गुंतलेले असतात, आणि रिकाम्या हाताला मोबाईलवर आजाराची लक्षणं शोधायची खोड असते.

८. रात्री तीनला ती परत येईल

येतेच. इथे बहुतेक जण समजतात, टाकलीच गेली नाही, आणि अंधारात सगळ्या पायऱ्या पुन्हा करायला बसतात. करू नका. तीन वाजता नवी प्रार्थना नाही, नवा हिशेब नाही. एकच वाक्य: "प्रभू, ते वहीत आहे, आणि वही तुझ्याकडे आहे." सावकाश श्वास सोडत म्हणा. पुन्हा आली, पुन्हा तेवढंच. पहिल्या रात्री मी वीसेक वेळा तरी म्हटलं असेल.

तासभर तळमळ झाली तर उठा, पाणी प्या, मंद दिव्यात चौथं स्तोत्र वाचा. आठच वचनं आहेत, आणि शेवटचं झोपेबद्दलच आहे. नवीन काही आठवलं तर कागदावर एक शब्द लिहून ठेवा, संध्याकाळी साडेसहाला बघू.

९. एका माणसाला सांगा

एकाच. मंडळीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर नको. 'प्रार्थनेचा विषय' म्हणून टाकलेली गोष्ट रविवारपर्यंत किती घरांत चहाबरोबर फिरते, हे आपल्याला माहीत आहे. आपण स्वतःही तो चहा प्यालो आहोत.

असा माणूस निवडा जो ऐकून घेईल, लगेच उपाय सांगणार नाही आणि आठवड्याने आठवणीने विचारेल. त्याला चौथ्या पायरीवरची मागणी शब्दशः सांगा, म्हणजे दोघांचं मागणं एक राहील.

१०. रविवारी वही उघडा

उपासनेहून आल्यावर, जेवणाआधी. प्रत्येक मागणीपुढे तीनपैकी एक लिहा: 'झालं', 'वेगळं झालं', 'थांबलेय'. तिसऱ्या रकान्यातलं जे घडलंच नाही, त्यापुढे बारीक टिंब द्या. तीन महिन्यांनी त्या टिंबांची रांग बघा. माझ्या त्या पहिल्या पानावर तिसऱ्या रकान्यात अकरा गोष्टी होत्या, त्यातल्या दोन घडल्या.

'नाही' असं उत्तर आलं तर तेही लिहा, उगाच गोड करू नका. आपल्या देहातला काटा, म्हणजे सतत छळणारा त्रास, काढ म्हणून पौलाने तीनदा विनंती केली. काटा निघाला नाही, माझी कृपा तुला पुरे असं उत्तर आलं (२ करिंथ १२). ते पचायला त्याला किती दिवस लागले, हे त्याने लिहिलेलं नाही. तुम्हाला लागतील तेवढे लागू देत. एखादी मागणी वारंवार करावी लागली म्हणून लाजू नका. गेथशेमानेत येशूनेही तिसऱ्यांदा तेच शब्द उच्चारले (मत्तय २६:४४).

भरलेली पानं फाडू नका. पुढच्या अडचणीत पाचव्या पायरीला काय लिहायचं ते तिथेच सापडतं. कंपनीचा थकलेला पगार दुसऱ्या रकान्यात आहे, त्याच्यापुढे मी गेल्या रविवारीही 'थांबलेय' लिहिलं. त्या ताईंनी परवा वही विकत घेतली. दोनशे पानी घेतली म्हणाल्या, शंभर पुरणार नाहीत.